अखाजीची कॅसेट

धुळ्याचं घर सोडून जळगावला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं ठरलं, तेव्हा सून म्हणाली, "कॅसेटींसाठी एक कप्पा रिकामा ठेवलाय, बाबा." माझं अख्खं कपाट एका कप्प्यात कसं मावणार? म्हणून मी एकेक कॅसेट पुन्हा ऐकून तिला दहापैकी गुण द्यायला बसलो. सहाच्या खाली गेली की भंगारात.

गुण द्यायची सवय थोरल्या बहिणीची, अक्काची. नवी कॅसेट आणली की दोन्ही बाजू संपेपर्यंत ती कुणाला बोलू द्यायची नाही. मग बोटं वर करायची. चार, पाच, फार झालं तर सात. दहा तिने कधी कुणाला दिले नाहीत. मी तिच्याच तालमीत तयार झालो. त्यामुळे एक गाणं बरं आणि बाकी नुसती भरताड, अशा कॅसेटींचा मला आजही मनापासून राग येतो. भंगाराचं पोतं भराभर भरत गेलं.

त्यातच एक डबी हाती आली. वर माझ्याच हातचं भलंमोठं शून्य. ही एकेकाळी माझी सगळ्यात लाडकी, भावगीतांची कॅसेट. लग्नानंतर अक्का पहिल्यांदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली, दारच्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर गाऊ लागली, आणि वडिलांना तिचं गाणं टेप करायची लहर आली. सणाची दुकानं बंद, घरात कोरी कॅसेट नाही. विकतची कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून तिला एक खाच असते; त्यांनी माझ्या कॅसेटच्या त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला आणि सरळ तिच्यावरच रेकॉर्डिंग केलं. मी थयथयाट केला, रागाने डबीवर शून्य काढलं. ते शांतपणे म्हणाले, "कॅसेट दुसरी भेटी. पोर उद्या सासरले चालनी जाई."

अक्का आता एरंडोलला असते. गेल्या वर्षी गळ्याच्या कर्करोगात तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. तिचं गाणं या एका कॅसेटशिवाय कुठेही नाही. ऐकवावं तर जखमेवर मीठ चोळल्यासारखं, न ऐकवावं तर तिचीच वस्तू तिच्यापासून लपवल्यासारखं. मला खरंच भीती वाटत होती. तरी सामान जळगावला पुढे पाठवलं आणि टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन एरंडोलला उतरलो.

तिला आधी सगळं सांगितलं. तिने मान हलवून 'लाव' म्हणून खुणावलं.

थोडी खरखर झाली आणि तिचा आवाज आला. कोवळा, बिनधास्त. प्रत्येक ओळ मागून गल्लीतल्या बाया झेलत होत्या, त्यात आईही होती. अक्का डोळे मिटून ऐकत होती. गाणं थांबलं आणि अर्ध्या शब्दातून जुनं भावगीत सुरू झालं. मी बटण दाबलं.

तिने हात वर केला. चार बोटं.

"चार? अगं, चारच?" मी भडकलोच.

तिने हात पुढे-मागे हलवून झोका दाखवला, मग छातीवर हात ठेवून धापा टाकल्या. झोक्यावर दम पुरला नाही, म्हणून गुण कापले होते. एवढं सांगून तिने माझ्याकडे बोट केलं. आता तुझे गुण सांग.

मग मीही दोन्ही हात वर केले आणि दहाही बोटं पसरली.