एसीच्या डब्यावर बांधलेल्या मिरच्या

बायांनो, घाईत लिवतेय. लिहिण्यातल्या चुका काढत बसू नका.

ढगाळ हवेत चटणीच्या मिरच्या वाळंनात. गॅलरीतला एसीचा बाहेरचा डबा गरम वारं फेकतोय, ते फुकट कशाला घालवा? जुन्या लुगड्यात मिरच्या घालून त्येच्या तोंडावरच ताणून बांधल्या. लई शानी मी!

दुपारी सुनेनं एसी लावून तान्ह्या नातीला निजवलं आणि अंघोळीला गेली. जरा वेळानं जळका वास आला. बघते तर लुगड्यातनं धूर!

आधी मेन स्विच पाडला. मग सुनेला हाका मारत पोरीला उचलून जिना उतरले. गुडघं दुखत्यात हे ध्यानातच न्हाय.

मेकॅनिक आला. "आजी, ह्येचं तोंडच बांधलंसा की! गरम वारं जायाचं कुठनं? वायर वितळलीया."

"पेटला असता व्हय रं?"

"व्हय की."

सुनेनं माझ्या हातनं पोरगी घेतली आणि आत गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुमच्या डब्यापुढं काय वाळत घातलंय? आधी उठून काढा, मग लाईक करा.