मागची सीट

गहिनीनाथनं जन्मभर शिर्डी-नगर स्वतःची गाडी भाड्यानं चालवली. नजर अधू झाली तशी त्यानं ती पुण्याच्या एका रेसिंगवाल्याला विकली. देशपातळीवरच्या त्या शर्यतीत शोरूममध्ये मिळतात त्याच गाड्या पळतात, फक्त आतलं काढून हलक्या करतात. काढलेली मागची सीट गहिनीनाथनं मागून घेतली अन् ओसरीत मांडली. इतक्या वर्षांत तिच्यावर तो कधी बसलाच नव्हता.

सीझन संपला की गाडी परत मागायची, चालवता न्हाई आली तरी दारात उभी राहील, असं त्यानं मनाशी धरलं होतं. प्रत्येक शर्यत तो त्या सीटवर बसून मोबाईलवर लावायचा. आपली कुठली ते त्याला दिसायचं नाही, बायको बनुबाई सांगायची, "ती बघा, पाचवी हाय."

दसऱ्याला त्यानं सीटलाच झेंडूचा हार घातला.

"गाडी तिकडं कोईमतूरला शर्यतीत अन् पूजा सीटची! येडं झालं मानूस," बनुबाई हसली.

शेवटची शर्यत झाली तसा त्यानं रेसिंगवाल्याला फोन लावला. "सायेब, आता काय करनार गाडीचं?"

"पुढच्या सीझनलाही पळवणार, काका. भारी पळते."

गहिनीनाथनं सीटवरून हात फिरवला. "पळवा की," तो म्हणाला. "दमली म्हंजी सांगा. सीट हाय माझ्याकडं."