यादीतल्या नावाची बाई

आमच्या प्रचार कार्यालयात मतदारयादीवर शेरे मारायची एक भारी पद्धत होती. फोन लागला नाही की 'स्थलांतरित'. कोणी 'राँग नंबर' म्हणालं, तरी 'स्थलांतरित'. एसीत बसून पोरांनी अर्धं लालबाग परगावी धाडलं होतं. वर कार्यालयातला दादा मलाच म्हणे, "जिने कशाला चढतेस गं? मेसेज गेलाय सगळ्यांना." गेलाय! वाचला कोणी?

मी छापील यादी उचलली आणि चाळीत शिरले.

तिसऱ्या मजल्यावर असाच शेरा पडलेल्या एका बाईचं दार वाजवलं. घरची सून बाहेर आली. मी यादीतलं नाव वाचलं.

"अशी कोणी नाही इथे. आडनाव आमचंच, पण या मजल्यावर निम्म्या खोल्या याच आडनावाच्या. सगळे एका गावचे."

म्हणजे फोनवाल्यांचंच खरं? चिडून पेन काढलं, तोच आतून कांदा चिरता चिरता सासूबाई ओरडल्या, "थांब गो! ता माझाच नाव!"

सून बघतच राहिली. "आई, तुमचं?"

"माहेरचा. ह्या नावान चाळीस वर्सांत कोणी हाक मारूक नाय."

लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं, तेव्हाच जुनं मिटलं. मतदार कार्डावर मात्र आडनाव सासरचं लागलं, पण नाव आणि वडिलांचं नाव शाळेच्या दाखल्यावरचंच राहिलं. नवरा होता तोवर चिठ्ठी तोच आणायचा, केंद्रावर पुढे तोच बोलायचा. तो गेल्यावर मागच्या निवडणुकीत आजी एकट्या गेल्या, सगळी चाळ ओळखते ते नाव सांगितलं आणि 'यादीत नाही' ऐकून परत आल्या.

"घराक येऊन रडलंय," त्या हळूच म्हणाल्या. "म्हटला, ह्ये गेले, माझा मतय गेला."

सांगा आता, हे कुठल्या मेसेजला कळणार होतं? सुनेने ट्रंक उपसून कार्ड काढलं. मी चिठ्ठीवर नाव आणि अनुक्रमांक ठळक लिहिला. सून वाकून वाचत होती. "छान नाव आहे हो आई. बदललं कशाला?"

"सासऱ्याक इचार." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "फोटो थयसर आसा."

मतदानाच्या दिवशी केंद्रापासून लांब मांडलेल्या आमच्या टेबलाशी आजी आल्या. इस्त्रीची साडी, शाईचं बोट वर. "दिलंय मत! नाव स्वताच्या तोंडान सांगितलंय."

दादा खुशीत. "आमच्यालाच ना, आजी?"

"नाय. तुमचो उमेदवार माका पटूक नाय." आजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "ह्या चेडू मात्र गुणाचा हा तुमचा."

दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू चाळीचे जिने मीच बांधलेत. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी आजींना खुर्ची दिली आणि पाणी आणायला उठले.