आजींना जमिनीवर बसायचं होतं

त्या मंगळवारच्या माझ्या यादीत सहा कामं होती. सोफ्यावरून दहा वेळा उठणं-बसणं, वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाऊन येणं, दोन पायऱ्या, आणि असंच पुढे. पाऊण तासात एकाही कामापुढे खूण झाली नाही. ऐंशीच्या घरातल्या कोरियन आजी सोफ्यावर डोळे मिटून बसल्या होत्या आणि मी कागद हातात धरून त्यांच्यासमोर उभी होते.

"झोप लागली का त्यांना?" मी त्यांच्या सुनेला विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही कधी जाताय याची वाट बघतायत."

नागपुरात मी पंधरा वर्षं फिजिओथेरपी केली होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आलो तेव्हा कळलं की माझी पदवी इथे तशीच्या तशी चालणार नाही. काही वर्षं मुलीच्या शाळेत गेली. शेवटी पंचेचाळिसाव्या वर्षी मी थेरपिस्टच्या सहाय्यकाचा दोन वर्षांचा कोर्स घेतला. वर्गातली मुलं माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी. लेखी परीक्षांत मी पहिल्या तिघांत असायचे. प्रत्यक्ष कामाच्या पहिल्या फेरीत मात्र नापास झाले. शेरा होता: 'काम चोख. पेशंटशी जोडली जात नाही.' नियमाप्रमाणे दुसरी संधी एकच मिळते. ती म्हणजे घरोघरी जाऊन उपचार करण्याची ही फेरी. यातही तोच शेरा आला असता तर कोर्समधून बाहेर.

माझी इन्स्ट्रक्टर माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी, उंच, कमी बोलणारी अमेरिकन बाई होती. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्या तुला टाळतायत. तू काय बदलणार आहेस, ते गुरुवारपर्यंत ठरव."

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो भांडी लावता लावता म्हणाला, "अगं, तुझी यादी बघितली की मलाच सोफ्यावर डोळे मिटून पडावंसं वाटतं."

"विनोद नकोय मला."

"बरं. मग यादी गाडीत ठेवून जा."

मी यादी गाडीत ठेवली नाही. यादीशिवाय मला काम जमत नाही आणि ते बदलण्याचं माझं वयही नाही.

गुरुवारी बर्फ वितळून रस्त्याकडेला नुसता चिखल झाला होता. गाडीतून उतरताना माझे पाय घोट्यापर्यंत त्यात गेले. इन्स्ट्रक्टर फोनवर होती, तिने मला पुढे जायची खूण केली. दाराशी बूट काढले तर दोन्ही मोजे ओले. आजींनी डोळे उघडले, माझ्या पायांकडे बघितलं आणि "आयगो!" म्हणाल्या. त्याला भाषांतराची गरज लागली नाही. त्यांच्या सोफ्यासमोर जमिनीवर विजेवर तापणारी सतरंजी अंथरलेली असायची. वॉकरचं टोक त्यांनी त्या सतरंजीवर दोनदा आपटलं.

"तिथे बसा म्हणतायत," सून म्हणाली. "ती जागा सगळ्यात ऊबदार आहे. आमच्याकडे पाहुण्याला तिथेच बसवतात. पहिल्या दिवसापासून सांगतायत, तुम्ही दर वेळी 'नो, थँक यू' म्हणता."

मला वाटत होतं, व्यायाम टाळायला त्या मला सतरंजीवर बसवून ठेवू बघतायत.

मी मोजे काढले आणि मांडी घालून बसले. कागद मांडीवर ठेवला. खालून ऊब यायला लागली. आजी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मग काहीतरी बोलल्या.

"तुमचं वय विचारतायत," सून जरा संकोचून म्हणाली. "इथे असं विचारत नाहीत, मला माहीत आहे."

"सेहेचाळीस." या देशात मला इतकं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

"उठून दाखवा म्हणतायत."

मी हात न टेकता उठले. आजींनी बोट खाली केलं. मी बसले. बोट वर. मी उठले. चौथ्यांदा उठताना मला धाप लागली आणि आजी पहिल्यांदा हसल्या. सुनेशी त्या बराच वेळ बोलल्या.

"पडायच्या आधी त्या खालीच असायच्या," सुनेने सांगितलं. "जेवण, भाजी निवडणं, झोप, सगळं. पुढच्या महिन्यात आमचं नवं वर्ष आहे. नातवंडं जमिनीवर डोकं टेकवून नमस्कार करतात, आजी समोर जमिनीवर बसून तो घेतात. माझा नवरा म्हणतो, आई, या वर्षी खुर्चीत बस. त्या म्हणतात, खुर्चीत बसले तर मुलं आजारी माणसाला बघायला आल्यासारखं होईल. तुम्ही त्यांना खुर्चीतून उठायला शिकवताय. त्यांना खुर्ची नकोच आहे."

मी माझा कागद बघितला. सहाच्या सहा ओळींत एकतर खुर्ची होती, नाहीतर पायऱ्या, नाहीतर बाथटब. नागपुरात गुडघ्याचं, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या किती बायकांनी मला विचारलं असेल, "मॅडम, मांडी घालून बसता येईल का हो?" मी दर वेळी म्हणायचे, "ते आता विसरा, काकू." काहींना खरंच शक्य नव्हतं. काहींना जमलंही असतं. मी तपासून बघितलं नव्हतं, कारण विसरा म्हणायला एक मिनिट लागतं.

कागद उलटा करून मी मागच्या बाजूला नवीन ओळ लिहिली: जमिनीवर बसणं आणि स्वतः उठणं.

गाडीत इन्स्ट्रक्टरला ती ओळ पसंत पडली नाही. "त्यांच्या मांडीच्या हाडात रॉड आहे. पडल्या तर?"

"म्हणून आधी सर्जनला विचारते. हो म्हणाले तरच."

"आणि बिघडलं तर ही फेरी तुझी आहे, माझी नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

त्याच संध्याकाळी सर्जनच्या ऑफिसला मेसेज पाठवला, दुसऱ्या दिवशी दोन फोन केले. उत्तर आलं: चालेल, शेजारी माणूस हवा, पाय पिरगाळायचा नाही. आमच्या सहा भेटी उरल्या होत्या. त्या घरात बसायच्या चौकोनी जाड गाद्या होत्या, त्यातल्या पाच मी एकावर एक रचल्या. दर भेटीला एक कमी करायची, सहाव्या भेटीला जमीन. समोर त्यांचं बुटकं जेवणाचं टेबल, हात टेकायला. कमरेला पट्टा, तो माझ्या मुठीत.

आजींना माझं इंग्रजी मोजणं आवडलं नाही. त्या कोरियनमध्ये मोजायच्या आणि मलाही मोजायला लावायच्या. चुकले की पुन्हा एकपासून, म्हणजे त्यांचेच व्यायाम वाढायचे, पण ते त्यांना चालायचं. निघताना त्या फॉइलमध्ये गुंडाळलेलं गरम रताळं माझ्या कोटाच्या खिशात कोंबायच्या. पेशंटकडून भेटवस्तू घ्यायची नाही, असा आमचा नियम. मी तो सुनेला समजावून सांगितला.

"हा खाऊ आहे," ती म्हणाली. "आजींना यातला फरक कळत नाही, आणि तुम्ही समजवायला जाऊ नका."

इन्स्ट्रक्टरने गाडीत रताळं बघितलं आणि अर्धं मागून घेतलं.

चौथ्या भेटीला दोन गाद्यांवरून उठताना आजींचा गुडघा डगमगला. पट्टा हातात होता म्हणून त्या माझ्या अंगावर कलल्या आणि आम्ही दोघी हळूच बाजूच्या सोफ्यावर बसलो. लागलं काहीच नाही. पण आजींचा मुलगा वरच्या मजल्यावरून धावत आला. "पुरे झालं," तो म्हणाला. "खुर्चीत बसायला काय हरकत आहे?" इन्स्ट्रक्टर माझ्याकडे बघत होती. मी सगळं खरं सांगितलं: लागलेलं नाही, पुन्हा होऊ शकतं, ठरवायचं आजींनी. सुनेने ते भाषांतर करून सांगितलं. आजी उठल्या, वॉकर घेऊन गाद्यांपाशी गेल्या आणि वॉकरच्या पायाने वरची गादी ढकलून खाली पाडली. मुलगा कपाळाला हात लावून वर निघून गेला.

शेवटची भेट नव्या वर्षाच्या दोन दिवस आधी आली. इन्स्ट्रक्टर मूल्यमापनाचा फॉर्म घेऊन भिंतीपाशी उभी होती. गादी एकही नव्हती. आजींनी टेबलावर हात टेकले, एक गुडघा खाली, मग दुसरा, आणि त्या बसल्या. एक पाय मुडपलेला, एक गुडघा उभा, जशा त्या आयुष्यभर बसत आल्या असतील. बसल्यावर घाई केली नाही. केस सारखे केले, सतरंजीची सुरकुती काढली. मी पट्टा धरला होता, पण ओढला नाही. मग उजवा पाय पुढे, दोन्ही हात टेबलावर, आणि बराच वेळ काहीच नाही. मी मनात आकडे म्हणत होते, कुठल्या भाषेत ते आता आठवत नाही. त्या उठल्या. सून ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

"पुन्हा करता येईल?" इन्स्ट्रक्टरने विचारलं. तसं विचारणं बरोबरच होतं. एकदा झालेलं मोजत नाहीत.

आजींनी पुन्हा केलं. दुसऱ्यांदा बसल्यावर मात्र त्या लगेच उठल्या नाहीत. इन्स्ट्रक्टरकडे बघून त्यांनी शेजारची ऊबदार जागा थोपटली.

"मी उभीच बरी," ती म्हणाली.

"नाही म्हणू नका," मी म्हणाले. "मी दोन आठवडे तेच करत होते."

ती बसली, लांब पाय कसेबसे दुमडून. फॉर्म तिथेच गुडघ्यावर ठेवून भरला. 'पेशंटशी नातं' या ओळीपुढे तिने काहीतरी लांबलचक लिहिलं, खाली सही केली आणि तो माझ्याकडे सरकवला. मी आधी शेवटची ओळ बघितली. उत्तीर्ण.

मग ती उठायला गेली आणि अर्ध्यात अडकली. एक पाय बधिर, दुसरा टेबलाखाली. मी हात पुढे केला. आजींनी तो बाजूला सारला, बुटकं टेबल तिच्याकडे ढकललं आणि मोठ्याने काहीतरी सांगितलं.

"आधी उजवा गुडघा, म्हणतायत," सून म्हणाली. "आणि घाई करू नका."