गाडी कुठं उभी हाय?

दुसऱ्याची गाडी कुठं उभी आहे हे बघत बसणं हेच ज्याचं काम, त्याच्याकडं किस्से न मागता गोळा होतात. मी केजला अप्पांच्या ऑफिसात बसते. अप्पांच्या आठ पिकअप आहेत. सकाळी गावोगावचं दूध आणायचं, दुपारी पेंडीची पोती पोचवायची. चार वर्षांपूर्वी अप्पांनी सगळ्या गाड्यांना जीपीएस बसवलं आणि स्क्रीन माझ्या टेबलावर ठेवली. तेव्हापासून साठलेल्यातलं थोडं सांगते. ज्यांचं सांगतेय, त्यांना विचारून सांगतेय. हे विचारायचं असतं, एवढंही मला आधी कळत नव्हतं.

*

पहिल्या दिवशी अप्पांनी सगळ्या ड्रायव्हरांना ऑफिसात बोलावलं. चहा पाजला आणि जीपीएसची डबी दाखवली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी.

नारायण आमचा सगळ्यात फटकळ ड्रायव्हर. त्यानं डबी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"बैलाच्या गळ्यात घंटी बांधतेत, बैल हरवू नये म्हणून. आमी कवा हरवलो, अप्पा?"

"अरे, गाडीला बांधायची हाय. तुला न्हाई."

"मंग मी गाडीतून उतरलो की हिला दिसणार न्हाई ना?"

"न्हाई."

"बरं झालं," नारायण म्हणाला. "आता घरी बायको सोडून कुणीच इचारणार न्हाई."

*

सतीशची गाडी रोज लिंबागणेशला वीस मिनिटं थांबायची. उन्हाळ्याचे दिवस, गाडीत दूध. मी फोन केला.

"सतीश, गाडी उभी कावून?"

"ताई, गणपतीच्या पाया पडतो. लई जागृत देव हाय."

देवाचं नाव आल्यावर मी काय बोलणार? आठवडाभर गप्प बसले. मग एक दिवस नकाशा मोठा करून बघितला. देऊळ एकीकडं, गाडी दुसरीकडं, आणि गाडीच्या समोर भज्यांचं हॉटेल.

मी पुन्हा फोन लावला. "सतीश, देऊळ तर लांब राहिलं की."

तो म्हणाला, "ताई, देव काय देवळातच असतो व्हय?"

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कागदात बांधलेली भजी होती. प्रसाद आहे म्हणाला. गरम होती, मी खाल्ली. सतीशचं थांबणं वीस मिनिटांवरून दहावर आलं.

*

एकदा नारायणची गाडी तेलगावजवळ रस्ता सोडून शेतात शिरलेली दिसली. माणूस चालेल एवढ्या वेगानं पुढं जायची, थांबायची, मागं यायची, ओढ्यापाशी घुटमळायची. मी लगेच फोन लावला.

"नारायणभाऊ, तुमी ठीक हाव ना?"

"मला काय धाड भरली? मी धारूरला पोती उतरवून घेतोय."

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. आवाज म्हाताऱ्या बाईचा होता. त्या मेंढरं राखत होत्या. नारायणच्या गाडीतली डबी रस्त्यावर पडलेली त्यांना सापडली, त्यांनी ती पदरात बांधली, आणि गावातलं कुणी भेटल्यावर डबीवरचा नंबर वाचून घेतला.

"बाई, तुमचं काय पडलंय ते माझ्यापाशी हाय. काळजी करू नका."

नारायण डबी आणायला गेला. त्या बाईंनी त्याला आधी ताक पाजलं, मग डबी दिली. ही कशाला लागते, असं त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं की केजमध्ये एक बाई बसल्या बसल्या बघते.

"म्हंजे सकाळपासून त्या माझ्याकडं बघायल्या?" बाई म्हणाल्या. "मंग आमचं एक कोकरू चुकलंय, ते कुठं गेलं इचार की त्यांना."

मला ते सांगता आलं नाही. नारायण मात्र तासभर त्यांच्याबरोबर कोकरू शोधत फिरला. बाभळीखाली सापडलं. गाडी इतका वेळ उभी का, हे त्या दिवशी मी विचारलं नाही.

*

आता माझी चूक सांगते.

लक्ष्मण कमी बोलणारा माणूस. बरीच वर्षं बायकोबरोबर ऊसतोडीला जायचा, मग अप्पांकडं ड्रायव्हर म्हणून लागला. त्याची गाडी दर मंगळवारी दुपारी केजच्या बाजारामागच्या एका गल्लीत तासभर उभी राहायची. काम सगळं वेळेवर व्हायचं. तक्रारीला जागा नव्हती. तरी एकदा चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मी बोलून गेले.

"लक्ष्मणभाऊ, मंगळवारी त्या गल्लीत कोण राहतं हो?"

सगळे हसले. लक्ष्मणनं चहा अर्धा ठेवला आणि उठून गेला.

दोन दिवसांनी त्याची बायको, रेखा, ऑफिसात आली. बोलणं फिरत फिरत तिच्यापर्यंत गेलं होतं. ती बसली नाही.

"ताई, तुमच्याकडं नकाशात दिसतं म्हणं. मला ते घर दाखवा."

मी स्क्रीन बंद केली आणि लक्ष्मणला बोलावून घेतलं. तो आला. बायकोला बघून दारातच थांबला. मी बाहेर जायला निघाले, तर म्हणाला, "थांबा ताई. तुमीबी ऐका."

मग रेखाकडं बघून बोलला, "शाळेची खोली हाय ती. दर मंगळवारी दारू सोडलेली माणसं बसतेत तिथं. मी चार महिन्यांपासून जातोय."

रेखा आता खुर्चीवर बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "वास येईना म्हणून मला वाटलं, बाहेरच कुठं पिऊन, वास गेल्यावर घरी येतेत. मला कावून सांगितलं न्हाई?"

"सुटली म्हणून सांगितलं आन् पुन्हा प्यालो असतो, तर तुला तोंड कसं दावलं असतं?"

तिनं पदरानं डोळे पुसले. "येत्या मंगळवारी मीबी येते. आत न्हाई येत. बाहेर पायरीवर बसते."

मी लक्ष्मणची माफी मागितली. त्यानं जे उत्तर दिलं ते मी अजून विसरले नाही.

"ताई, तुमी बघितलं त्याचं काय न्हाई. ते तुमचं कामच हाय. तुमी सांगितलं, ते लागलं."

एवढं होऊनही रेखानं संक्रांतीला मला घरी बोलावून वाण दिलं. त्या दोघांचे माझ्यावर उपकार आहेत.

*

मी अप्पांना सगळं खरं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी उठून स्क्रीनचं तोंड दारावरून भिंतीकडं फिरवलं आणि वायरमनला बोलावून प्रत्येक गाडीत डबी बंद करायचा खटका बसवून घेतला. काम संपलं की ड्रायव्हरनं खटका बंद करायचा. दूध किंवा पोती उशिरा आली तरच मी फोन करायचा, आणि दिसलेलं कुणालाही सांगायचं नाही.

"मला दूध कुठं हाय ते पाहिजे," अप्पा म्हणाले. "माणूस कुठं हाय ते न्हाई."

महिन्याभरात वहिनींचा, म्हणजे अप्पांच्या मंडळींचा, फोन आला. अप्पांच्या जीपलाही डबी आहे.

"हे कुठं हायत गं? फोन उचलंनात."

"वहिनी, मला सांगता येत न्हाई. तसा नियम हाय."

"कुणी केला नियम?"

"अप्पांनीच."

वहिनींनी फोन ठेवला. अप्पा दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. कशाबद्दल, ते बोलले नाहीत.

*

खटके आले तशी संध्याकाळी स्क्रीनवरची एकेक गाडी मावळायला लागली. सातपर्यंत सगळ्या जायच्या. फक्त दगडूमामांची राहायची.

दगडूमामा आमचे सगळ्यात वयस्कर ड्रायव्हर. पहाटे त्यांच्या गावातलंच दूध भरायचं असतं, म्हणून त्यांची गाडी त्यांच्या दारात मुक्कामी असते. मामी दोन वर्षांपूर्वी वारल्या. मुलगी नांदायला लांब.

मला वाटलं, मामांना खटका जमत नसेल. मग मीच इथून स्क्रीनवरून त्यांची डबी बंद करायला लागले. चारेक दिवसांनी मामा ऑफिसात आले, टोपी काढून समोर बसले.

"ताई, डबीचा दिवा इझतोय संध्याकाळी. माझी गाडी दिसंना झालीया का तुमाला?"

"मामा, काम संपल्यावर बघायचं न्हाई आता. मीच बंद करते."

"नका करू."

"कावून हो मामा?"

ते टोपीची घडी घालत राहिले. "असू द्या. तुमी घरी जाताना एकडाव बघत जावा."

तेव्हापासून ऑफिसला कुलूप लावायच्या आधी मी एकदा बघते. सकाळी दुधाचे कॅन उतरवून झाले की मामा दारातून डोकावतात.

"ताई, काल कुठं व्हती गाडी?"

"घरीच होती, मामा."

"हां," मामा म्हणतात. "म्हंजे घरीच व्हतो मी."