मंगळावरचं शिळं पाणी

आमच्या बोळात पाणी येतं तेव्हा आधी त्याचा वास येतो. नळाच्या पाण्याला औषधाचा वास असतो तो नव्हे, तो नंतरचा. आधी येतो तो भिजलेल्या धुळीचा, तापलेल्या फरशीचा आणि मोरीच्या तोंडाशी धरलेल्या शेवाळाचा. कारण नवं पाणी यायच्या आधी जुनं पाणी जातं. चार-पाच दिवसांनी एकदा आमचा वॉल्व्ह सुटतो, कोपऱ्यावरच्या घरातून आरोळी उठते आणि तीन भाषांतून बोळभर फिरते. पाणी आलं, नीळ्ळु वच्चिनय, पानी आया. लगेच दारोदारी पिंपं आडवी होतात. काल रात्रीपर्यंत जे पाणी आम्ही तीर्थासारखं तांब्या-तांब्यानं वापरलं, ते त्या आरोळीसरशी शिळं ठरतं आणि भसाभसा गटारात जातं. आत्ता, भर दुपारी, मी खिडकीशी बसलो आहे आणि समोरच्या दारात काकू पिंपाला खांदा लावून उभ्या आहेत. वय सत्तरीपुढचं, गुडघे गेलेले, पण पिंप आडवं करण्याची त्यांची लकब अजून एखाद्या पैलवानाला शोभावी अशी आहे.

तुम्ही सोलापूरचे असाल तर म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे. सोलापूरचे नसाल तर म्हणाल, काहीतरी फेकू नका. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत एका लेखकाची लेखणी कायमची पडली. काकू त्याच लेखकाच्या पत्नी, आणि तो लेखक म्हणजे आमचे मंगळवाले काका.

हे नाव बोळानं ठेवलेलं. काका अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात चादरींची आणि टॉवेलांची नक्षी काढायचे. दिवसभर चौकटीच्या कागदावर मोर, वेली, हत्ती. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतले की तेच हात मंगळावर माणसं वसवायला बसायचे. चंद्रावरच्या वस्त्या, गुरूच्या उपग्रहांवरच्या बर्फातली गावं, सूर्यमालेच्या वेशीवरचं शेवटचं चहाचं दुकान, असलं सगळं त्यांनी लिहिलं. पण जीव होता तो मंगळावर. इथले उन्हाळे काढलेल्या माणसाला मंगळ परका वाटत नाही, असं ते म्हणायचे. मंगळावर हवा नाही, आपल्याकडे आहे पण मे महिन्यात घेववत नाही, एवढाच फरक.

त्यांची माणसं अवकाशात गेली तरी कुठली आहेत ते लपत नसे. यानात बसताना ती कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेत, कारण दोन्ही महिनोन्‌महिने टिकतात. एका समीक्षकानं याचं फार मोठं हसं केलं होतं. अंतराळात भाकरी? काकांनी ते कात्रण मला दाखवलं आणि शांतपणे विचारलं, "मग काय न्यायचं, श्रीखंड?" मी तेव्हा हौशी नाटकांतून खलनायकाची कामं करायचो, आवाज खणखणीत होता, म्हणून नवं प्रकरण लिहून झालं की काका मला रविवारी ओट्यावर बोलावून मोठ्यानं वाचायला लावायचे. त्यांचं म्हणणं, खोटं वाक्य कानाला आधी सापडतं. मी मंगळावरच्या महापौरापासून बर्फ फोडणाऱ्या यंत्रापर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचो. बोळातली मंडळी भाजी निवडत ऐकायची. काकू मात्र आतून भांड्यांचा आवाज करत राहायच्या. "तुम्ही ऐकत नाही का काकू?" असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "त्यांचा मंगळ त्यांच्यापाशी. मला हितं काय कमी कामं हायती व्हय?" काकू माढ्याकडच्या खेड्यातल्या. त्यांची भाषा शहरात इतकी वर्षं काढूनही तिळभर हलली नाही.

शेवटची कादंबरी काकांनी निवृत्तीनंतर लिहिली. मंगळावर वसलेलं एक मोठं गाव, तिथं गेलेल्या सोलापूरकरांच्या कितव्या तरी पिढ्या. ध्रुवावरचा बर्फ वितळवून नळानं पाणी येतं, चार-पाच दिवसांनी एकदा. ते यायच्या आधी भोंगा वाजतो. भोंगा वाजला की घरोघरच्या टाक्या रिकाम्या होतात, कारण आतलं पाणी शिळं झालेलं असतं. का, ते कुणालाच माहीत नाही. पणजी करायची, आजी करायची, म्हणून नात करते. ध्रुवावरचा बर्फ आटत जातो, हिशेब कुणालाच लागत नाही. पुढारी चोर शोधतात, शास्त्रज्ञ गळती शोधतात. आणि मग शेवटचं पान. भोंगा वाजतो. सगळं गाव सवयीनं आपापलं पाणी ओतून देतं आणि टाक्या नळाखाली लावून उभं राहतं. नळातून हवा येते. नुसती हवा. एक बाई, पदर खोचलेली, कान नळाला लावून म्हणते, "येईल, थांबा. आधी वाराच येतो."

तिथं कादंबरी संपायची. मी वाचून थांबलो. शेंगा सोलणारे हात तसेच राहिले. मग कोपऱ्यावरचे विणकर आजोबा म्हणाले, "हे खरं हाय की." एखाद्या लेखकाला आयुष्यात एवढं एक वाक्य मिळालं की बाकी पुरस्कार नाही मिळाले तरी चालतात. काका नाकपुड्या फुगवून आकाशाकडे बघत राहिले.

काकांची आधीची पुस्तकं गल्लीतल्या छापखान्यात छापलेली, निम्मी घरातच पडून. हे एक तरी पुण्याच्या दुकानात दिसावं, एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती. म्हणून पुण्याच्या एका प्रकाशकाचा होकार आला तेव्हा ते दोन दिवस दाढी करून बसले. प्रकाशक अकलूजला कुणाच्या लग्नाला आले होते. साखरकारखान्यांच्या मुलखातलं जेवण पचवत, वाट वाकडी करून आमच्या बोळात उतरले. मी होतोच, प्रवेश आपला नसला तरी विंगेत उभं राहायची सवय.

"बाकी सगळं झकास जमलंय," प्रकाशक म्हणाले, "शेवट तेवढा बसत नाही. कोट्यवधी मैलांवर यान नेणारी माणसं पिण्याचं पाणी ओतून देतील? वाचकाला पटणार नाही."

"ती मूळची सोलापूरची आहेत," काका म्हणाले.

"असतील. पण मंगळावर गेल्यावर माणूस बदलतो हो."

"पुण्याला जाऊन बदलत नाही, मंगळावर जाऊन कसा बदलेल?"

प्रकाशक हसले, तेवढ्यात कोपऱ्यावरून आरोळी उठली. आतून काकू पदर खोचत बाहेर आल्या. "पावणं, पाय वर घ्या," म्हणाल्या आणि पाहुण्यांच्या होकाराची वाट न बघता दारातलं पिंप आडवं केलं. काठोकाठ नसलं तरी निम्म्याहून जास्त भरलेलं, वर फडकं बांधलेलं, निवळशंख पाणी. ते खुर्चीखालून गेलं. पुण्याचे बूट हवेत उचललेले मी याचि डोळा पाहिले.

"अहो वहिनी, स्वच्छ पाणी होतं ना ते?"

"सवच्छच हाय की. पर शिळं झालं. पावण्याला शिळं पाणी देत्यात व्हय कुटं?"

काकांचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होता. खटला हरत आलेल्या वकिलाचा फुटलेला साक्षीदार आपल्या पायांनी चालत कोर्टात यावा, तसे ते उजळले. मी तर टाळ्यांसाठी हात वर घेतले होते. पण प्रकाशक पाय तसेच अधांतरी धरून म्हणाले, "हे इथं ठीक आहे. कादंबरीत नाही पटायचं." आणि मग, ओली फरशी ओलांडताना, "एखादी उल्का वगैरे पाडा ना. नाट्यमय होईल."

नाट्याबद्दल मला थोडं कळतं. घडलेलं डोळ्यांदेखत पाहून ते अशक्य आहे म्हणणारा प्रेक्षक मी त्यापूर्वी पाहिला नव्हता; नंतर पुष्कळ पाहिले.

काकांनी आठवडाभर कागदाला हात लावला नाही. काय झालंय ते काकूंना माहीत नव्हतं. पुस्तक अडलंय, शेवट बदला म्हणतात, एवढंच कानावर होतं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बदला म्हणत्यात तर बदला की वो. शिकलेली मानसं हायती, काय तरी बघूनच म्हणत असतील." कोणता शेवट, त्यात कोण बाई आहे, ती बोलते कुणासारखी, हे काकांना त्या क्षणी सांगता आलं असतं. नाही सांगितलं. बायकोला राग येईल, असं वाटलं असावं. आपल्या हातून एक आख्खा ग्रह बुडाला हे कुठल्या गृहिणीला आवडेल?

उल्का पडली. काकांनी ती एका दुपारी पाडली आणि मला वाचायला बोलावलं. मी माझ्याकडचा सगळा गडगडाट ओतला. ते म्हणाले, "वाचलंस चांगलं. पण उल्का पडताना तुझा आवाज खोटा येतोय." मी घसा खाकरून पुन्हा वाचायला लागलो, तर हात वर करून म्हणाले, "राहू दे. आवाजाचा दोष नाही." जुन्या शेवटाची पानं त्यांनी बंबात घातली. त्या दिवशी त्यांनी सावकाश, बराच वेळ अंघोळ केली.

पुस्तक गाजलं. उल्केचं विशेष कौतुक झालं. लेखकाच्या कल्पनाशक्तीची झेप वगैरे. गावानंही मग उशिरा का होईना त्यांना ओळखलं आणि सत्कार केला. आमच्या गावात सत्कार म्हणजे चादर. ती त्यांच्या खांद्यावर घातली, टाळ्या झाल्या. खाली उतरल्यावर काकांनी तिचं टोक उलगडून मला दाखवलं आणि म्हणाले, "हा मोर माझा आहे." खरंच होता. संयोजकांना कल्पनाही नव्हती. त्यानंतर काका जगले बरीच वर्षं, पण लिहिलं नाही काही. विचारलं तर म्हणायचे, "आता काही पटेल असं सुचत नाही."

ते गेले तेव्हा शोकसभा झाली. वक्त्यांनी सांगितलं की त्यांनी सोलापूर अवकाशात नेलं. पुस्तकं न उघडताही हे सांगता येतं, मुखपृष्ठावर यान आहेच. शेवटी मला उभं केलं. मला वाटलं, जळालेला शेवट आता माझ्याखेरीज कुणाच्या नीट ध्यानात नसेल, तो निदान इथं तरी ऐकवावा. मी भोंगा वाजवला, टाक्या ओतल्या, नळातली हवा तोंडानं काढली, पदर खोचलेल्या बाईचं वाक्य म्हटलं. सभा हसली. खदाखदा, डोळे पुसत. आयुष्यभर हशासाठी मेलो मी, आणि मिळाला तो असा. पहिल्या रांगेत काकू तेवढ्या हसल्या नाहीत.

परत येताना रिक्षात त्या बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "ती बाई मीच की रं."

मी म्हटलं, "व्हय काकू."

"आन मीच म्हनलं, बदला."

रिक्षा दोन चौक पुढं गेली.

"मारली असती तर मारली असती सगळी मानसं मंगळावरची," काकू म्हणाल्या. "पर मी पुस्तकात तर ऱ्हायले असते. तितं आता दगूड पडलाय."

याला काही वर्षं झाली. कोपऱ्यावरचे विणकर आजोबा नाहीत, त्यांचा नातू आरोळी देतो. बोळ तोच आहे, त्याच्या टोकाला नव्या इमारती आल्या, आणि ज्यांनी मंगळावर जाण्याच्या बातम्या मोबाईलवर बघितल्या ती पोरं मला विचारतात, तिथं खरंच माणसं राहतील का हो. मी म्हणतो, राहतील की. आपल्यासारखीच राहतील. त्यांना यात धीर दिल्यासारखं वाटतं. काय टिकतं माणसाचं, असा विचार मी अलीकडे करू लागलो आहे, आणि उत्तर मला आवडत नाही. लेखकाचं पान बंबात जातं, मोर लोकांच्या अंगावर झिजतो, ऐकणारे एकेक करून उठून जातात. टिकतं ते कुणीच न लिहिलेलं. ते पणजीकडून नातीकडे बिनबोभाट पोचतं.

काकूंना आता तो शेवट माहीत आहे. मला तर पाठ आहे. तरी मघाशी आरोळी आली तेव्हा त्यांनी पिंप आडवं केलं, आणि मीही उठून माझ्या दोन बादल्या मोरीत ओतून आलो. सगळ्या बोळाचं पाणी एकत्र होऊन उतारानं गेलं. फरशा आता वाळायलाही लागल्या आहेत. दारोदारी रिकामी पिंपं नळाखाली उभी आहेत. मी लिहायला बसलो त्याला बराच वेळ झाला.

समोर काकू वाकून नळाला कान लावतायत. माझ्याकडे बघून हातानं खूण करतात, थांब. नळातून अजून हवाच येते आहे.