मामींच्या घरातली पूर्व

"आधीं दूध, मग सामान."

फाटकाच्या दोन्ही खांबांना हात लावून मामी वाट अडवत आणि ट्रकमधून काळ्या पेट्या उतरवणाऱ्या जवानांना हे बजावत. सीमेवर राहून आलेली धिप्पाड माणसं त्या ठेंगण्या बाईपुढे पेट्या रस्त्यावर ठेवून मुकाट उभी राहत. आत नव्या बिऱ्हाडकरणीनं गॅसवर दुधाचं पातेलं चढवलेलं असे. दूध उतू गेलं की मामी वाकून पाहत, "पूर्वेकडे गेलें. चांगलें झालें," असं जाहीर करत, आणि मगच पेट्या घरात येत.

नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालवायचं, ही इकडची रीत. ते पूर्वेला सांडलं तर शुभ. मामींच्या घरात दूध कुठल्याही बाजूनं सांडलं तरी पूर्वेलाच जाई. साताऱ्याच्या एका हवालदारानं एकदा भीत भीत होकायंत्र पुढे केलं. "मामी, पूर्व तर तिकडं हाय."

"तुझ्या पलटणींत असेल," मामी म्हणाल्या. "माझ्या घरांत इकडे."

हवालदारानं होकायंत्र खिशात घातलं.

तमिळ मुलखातल्या अंबत्तूरच्या पलीकडे, सैन्याच्या तळाच्या मोठ्या गेटसमोरची आमची गल्ली. तळाला सगळे 'कॅम्प' म्हणत. मामींचं घर चार बिऱ्हाडांचं, आणि चारही बिऱ्हाडं नेहमी कॅम्पमधलीच. मी कॅम्पच्या हिशेब कार्यालयात बदलून आले तेव्हा आम्हीही त्यांतलंच एक होतो. मामी, म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, मूळच्या तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी ऐकताना जुनी पोथी वाचल्यासारखं वाटे, फक्त मध्येच तमिळ "अय्यो" आणि "सरी", म्हणजे "बरं", येई. आलो त्या दिवशी माझ्या हातात सामानाची यादी होती आणि मला घाई होती.

"मामी, तीन वर्षांसाठी तर आलोय. कशाला हे सगळं?"

"तीन वर्षें जेवणार नाहींस?"

मी यादी मिटून पातेलं चढवलं.

तुम्ही कुठल्याही छावणीजवळ राहिला असाल तर अशी गल्ली तुमच्या ओळखीची असेल. पहाटेच्या परेडआधी इडलीची गाडी लागे. एक शिंपी वर्दीवर फक्त नावाच्या पट्ट्या आणि फिती शिवून मुलींची लग्नं करून मोकळा झाला होता. कोपऱ्यावरचा जुन्या फर्निचरचा दुकानदार येणाऱ्यांना खाट विकायचा आणि जाणाऱ्यांकडून तीच विकत घ्यायचा. माझी बदली लांबत गेली; आम्ही पुढे शेजारच्या रस्त्यावर स्वतःचा फ्लॅट घेतला, तेव्हा आमचीही खाट त्यानं नेली. नंतर ती मला मामींकडच्या दुसऱ्याच बिऱ्हाडात दिसली. मी ओळखली, म्हणून मामींना कोण आनंद. "बघ, तूं गेलीस, ती राहिली. तुझ्याहून बरी."

कुणी बदलून जाऊ लागलं की मात्र मामी फाटकाशी येत नसत. स्वयंपाकघरात भांडी आपटत. ट्रक गेल्यावर रिकाम्या खोल्या स्वतः झाडत आणि मला विचारत, "आतां कोण येणार? पोरें आहेत का? गोंगाट करणारीं धाड."

जणू भाडेकरू पाठवणारी मीच. पण ऑफिसात मला थोडं आधी कळे, हे खरं. त्यामुळेच पुढचं सगळं माझ्या वाट्याला आलं.

खर्चकपातीची कुजबुज सुरू झाली तेव्हा आधी कॅम्पमधली नवी भरती थांबली. मग भाजी आणि दूध घेण्याची स्थानिक कंत्राटं आटली. मग ट्रेनिंगची शाखा दुसऱ्या राज्यातल्या तळात मिसळणार असं ठरलं. आमच्यासाठी ती एक फाइल होती. गल्लीत मात्र इडलीवाल्यानं एक चूल बंद ठेवली. शिंपी शाळेचे गणवेश शिवू लागला आणि ते त्याला जमेनात, कारण मुलांचे खांदे सारखे वाढतात. फर्निचरवाल्याकडे खाटा छतापर्यंत रचल्या गेल्या. विकणारे होते, घेणारं कुणी नव्हतं.

मामींची तीन बिऱ्हाडं एकामागून एक गेली. त्यांना पेन्शन नव्हती. घर टिकत होतं ते भाड्यावर. श्रीपेरुंबुदूरच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करणारा मुलगा दर रविवारी येऊन तेच सांगे, "अम्मा, विकून टाक, माझ्याकडे ये." मामींचं उत्तर ठरलेलं, "नवी बॅच येईल."

मी ऑफिसातून परतताना त्या फाटकाशी उभ्या असत. "काय गे, ऑर्डर आली?"

"नाही आली, मामी."

"उद्यां येईल. सरकारला दिवस लागतात."

मी व्यवहारी बाई आहे. अडचण दिसली की यादी करते. एका रविवारी मी त्यांच्यासाठी पर्याय लिहून नेले: नर्सेसना खोल्या देणं, कारखान्याच्या बसनं जाणारे कामगार, आयटीतली मुलं. मामींनी चष्मा लावून सगळं वाचलं. "अक्षर सुरेख आहे," म्हणाल्या. "शाळेंत लावावें असें."

तरी आयटीतली तीन मुलं त्यांनी ठेवून पाहिली. मामी फाटक अडवून उभ्या राहिल्या आणि मुलं पाठीवरच्या बॅगांसह त्यांच्या बगलेतून आत गेलीसुद्धा. त्यांच्याकडे पातेलं नव्हतं. मामींनी स्वतःचं आणून दूध तापवलं. त्या वेळी तिघं कानात काहीतरी घालून फोनवर बोलत होते. काही महिन्यांत त्यांचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं आणि तीही गेली. "वाईट नव्हतीं पोरें," मामी म्हणाल्या. "पण तीं आलीं कधीं आणि गेलीं कधीं, घराला कळलें नाहीं."

शेवटचं बिऱ्हाड साताऱ्याच्या त्या हवालदाराचं. त्याची बदली निघाली त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर कागद आला. ट्रेनिंगच्या इमारती बंद करून किल्ल्या गोदामाकडे जमा करायच्या होत्या. नवी बॅच येणार नव्हती. त्या संध्याकाळी मी मागच्या रस्त्यानं घरी जाऊ शकले असते. पण मामींना ते फर्निचरवाल्याकडून कळावं, हे मला पटेना.

"काय गे, ऑर्डर आली?"

"आली, मामी. आता कुणी येणार नाही. कधीच."

त्यांनी कॅम्पच्या गेटकडे पाहिलं. गेटची एक झडप आता कायम बंदच असे.

"बरें," त्या म्हणाल्या. "दूध जाळायचें वांचलें."

हवालदाराचा ट्रक निघाला तेव्हा मामी पहिल्यांदाच निरोपाला फाटकाशी आल्या. त्यानं वाकून नमस्कार केला आणि खिशातलं होकायंत्र त्यांच्या हातात ठेवलं. "राहू द्या, मामी. तुमच्या घरात ते चालतच नाय." मामींनी ते पदराच्या टोकाला बांधून घेतलं.

घर विकलं गेलं. आता तिथे पत्रे उभे आहेत आणि आत खोदकाम चालतं. मुलाच्या फ्लॅटवर मामी जेमतेम वर्षभर राहिल्या. एका सकाळी त्या उठल्या नाहीत, असा मुलाचा फोन आला. त्यांची आठवण निघाली की मला दिसतो तो त्यांचं सामान हलवण्याचा दिवस.

पॅकिंग माझ्याकडेच होतं. पेट्यांवर आकडे घातले होते, यादी हातात होती. मुलाच्या इमारतीत नवव्या मजल्यावर लिफ्ट उघडली आणि हमाल पेट्या घेऊन सरळ दाराकडे निघाले. मामी मागे भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना हात लावून मीच उभी राहिले.

"आधी दूध, मग सामान."

मुलानं घड्याळाकडे पाहिलं. मामींनी पातेलं चढवलं. पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन थेट ओट्यावर पडलं होतं. दूध वर आलं, काठावर क्षणभर थबकलं आणि सरळ त्या उन्हाच्या बाजूनं खाली गेलं.

मामी जाहीर करतील म्हणून मी वाट पाहिली. त्या माझ्याकडे पाहू लागल्या.

"तूं सांग गे," म्हणाल्या. "हें माझें घर नव्हे."

"पूर्वेकडे गेलं, मामी," मी म्हणाले. "चांगलं झालं."

खिडकीतलं ऊन त्यांच्या डोळ्यांवर येत होतं. त्यांनी पदराच्या टोकाची गाठ चाचपली, पण सोडली नाही.

"सरी," त्या म्हणाल्या. "आणूं दे आतां पेट्या."